अस्सल कागद आणि त्यांचे राखणदार : आरंभीचा ख्रिस्ती इतिहास मुळातून वाचताना

वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून मराठी वाचकाच्या मनात एक भेद पक्का रुजला आहे : बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळे. बखर घटना होऊन गेल्यावर, पुष्कळदा कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि अभिमानाच्या भरात लिहिली जाते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसते. म्हणून पत्र खरे, बखर संशयास्पद. हा भेद मोलाचा आहेच. परंतु तेवढ्यावर थांबले तर एक प्रश्न विचारायचा राहून जातो, आणि तो असा की, ते अस्सल पत्र आपल्यापर्यंत कोणी पोहोचवले व कशासाठी? कागद आपोआप टिकत नाही. त्याला कोणीतरी राखलेले असते आणि राखणाऱ्याच्या मनात काही हेतू असतो. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासाची साधने आम्ही जसजशी चाळत गेलो, तसतसा हा प्रश्न आम्हांला अधिकाधिक महत्त्वाचा वाटू लागला.

या इतिहासाची जी पहिली सलग मांडणी आपल्या हाती आहे, ती पॅलेस्टाइनमधील सीझरियाचा बिशप युसेबियस याने चौथ्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत ग्रीक भाषेत केली. तिला बखर म्हणावे की दफ्तर, असा पेच पडतो. युसेबियस जुनी पत्रे, ग्रंथांतील उतारे, खटल्यांचे वृत्तांत यांची लांबच लांब अवतरणे देतो. इ. स. १७७ च्या सुमारास गॉल प्रांतातील लियों व व्हिएन येथील ख्रिस्ती लोकांवर जो प्रसंग ओढवला, त्याविषयी तेथील मंडळ्यांनी आशियातील बांधवांना लिहिलेले पत्र केवळ त्याच्या ग्रंथामुळे शिल्लक आहे. मात्र हाच युसेबियस आपल्या काळातील छळाचा वृत्तांत सुरू करताना स्वच्छ सांगून टाकतो की, मंडळीतील भांडणे आणि नामुष्कीच्या गोष्टी आपण सांगणार नाही, वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल तेवढेच सांगू. गिबनने पुढे त्याच्या या कबुलीवर बरेच तोंडसुख घेतले. आम्हांला उलट या माणसाचे उपकार वाटतात. आपण काय गाळले हे सांगणारे बखरकार जगात फार थोडे.

तेव्हा युसेबियसला क्षणभर बाजूला ठेवून आपण तीन कागद पाहू. पहिला सरकारी अधिकाऱ्याचा, दुसरा तुरुंगातल्या एका तरुण स्त्रीचा आणि तिसरा एक साधा दाखला. तिघांचा संबंध एकाच गोष्टीशी आहे : ख्रिस्ती असण्याबद्दल रोमन सत्तेपुढे उभे राहण्याचा प्रसंग. हे तीन कागद टिकले मात्र अगदी वेगवेगळ्या कारणांनी.

इ. स. ११० च्या सुमारास सम्राट ट्रेजनने धाकट्या प्लिनीला बिथिनिया-पोंटस या प्रांताचा कारभार पाहण्यास पाठवले. हा प्रांत म्हणजे काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्याचा, आजच्या उत्तर तुर्कस्तानातला मुलूख. तेथून प्लिनीने सम्राटाला पाठवलेली पत्रे आणि सम्राटाची उत्तरे त्याच्या पत्रसंग्रहाच्या दहाव्या भागात आहेत. त्यांतील शहाण्णवावे पत्र ख्रिस्ती लोकांविषयी आहे. ख्रिस्ती नसलेल्या कोणाकडून ख्रिस्ती उपासनेचे वर्णन प्रथम मिळते ते या पत्रात, आणि म्हणून ते शेकडो पुस्तकांत उतरवले गेले आहे.

पत्राचा सूर अडखळत्या कारकुनाचा आहे. वस्तुतः लिहिणारा रोममधला नावाजलेला वकील. तो म्हणतो की, आपण ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांना कधी हजर नव्हतो, त्यामुळे शिक्षा नेमकी कशाची द्यायची हे आपल्याला माहीत नाही. वयाचा विचार करायचा काय? पश्चात्ताप करणाऱ्याला क्षमा आहे काय? नुसते ‘ख्रिस्ती’ हे नाव गुन्हा आहे, की त्या नावाबरोबर येणारी कृत्ये? हे सारे प्रश्न विचारता विचारता तो आपण आतापर्यंत काय केले तेही सांगून टाकतो : आरोपीला तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा हो म्हणाला तर मृत्यूकडे धाडले. रोमन नागरिक असेल तर रोमला रवाना केले. कायदा माहीत नाही, पण माणसे मारून झाली आहेत. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पत्रातला विनय खरा असेलही. परंतु तो मागाहून आलेला विनय आहे.

पुढे तो सांगतो की एक निनावी यादी आली, तीत पुष्कळ नावे होती. ज्यांनी नाकारले त्यांच्याकडून देवतांची प्रार्थना म्हणवून घेतली, सम्राटाच्या प्रतिमेपुढे धूप व मद्य अर्पण करवले आणि ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायला लावले. काहींनी सांगितले की आम्ही ख्रिस्ती होतो, पण सोडले. कोणी तीन वर्षांपूर्वी, कोणी त्याआधी, कोणी तर वीस वर्षांपूर्वी. ते ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने काही म्हणत आणि शपथ घेत. शपथ कसली? चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेली ठेव बुडवणार नाही, याची. नंतर पांगत आणि पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खात. संघटनांवर बंदी घालणारा प्लिनीचा हुकूम निघाल्यावर हे खाणेही त्यांनी बंद केले होते.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याने थबकावे असे दोन शब्द आहेत. ‘आळीपाळीने म्हणत’ यात जे म्हटले जाई त्याला प्लिनीने ‘कार्मेन’ हा शब्द योजला आहे. लॅटिनमध्ये कार्मेन म्हणजे गीत. पण मंत्र, ठरीव पाठ यांनाही तोच शब्द. म्हणजे ते स्तोत्र गात होते की प्रश्नोत्तररूपाने विश्वासाचा पाठ म्हणत होते, हे या एका शब्दावरून ठरत नाही. शपथेसाठी ‘साक्रामेंतुम’ हा शब्द आहे. सैनिक सेनापतीला वाहतो ती शपथ, हा त्याचा रोमन अर्थ. पुढे लॅटिन ख्रिस्ती लेखकांनी आपल्या पवित्र विधींना हाच शब्द लावला. मग बिथिनियातील ग्रीकभाषक साक्षीदार नेमके काय बोलले आणि प्लिनीने ते कोणत्या लॅटिन साच्यात ओतले? उपासनेचे हे पहिले बाहेरचे वर्णन वस्तुतः भाषांतर आहे, आणि तेही धर्म सोडलेल्या माणसांच्या जबानीचे, बिचकलेल्या माणसांच्या जबानीचे. जीव वाचवू पाहणारा माणूस आपल्या जुन्या सोबत्यांचे खाणे ‘साधे आणि निरुपद्रवी’ असल्याचे अगत्याने सांगणारच.

पत्राच्या मध्यावर एक वाक्य आहे, ते पुष्कळ जण ओझरते वाचून पुढे जातात. खरे काय ते काढण्यासाठी आपण दोन दासींचा छळ केला, असे प्लिनी नोंदवतो. दासाची साक्ष छळाखाली घ्यायची, हा रोमन न्यायपद्धतीचा रिवाजच होता. त्यामुळे त्याला यात सांगण्यासारखे विशेष काही वाटले नाही. परंतु त्या दासींविषयी तो एक बारीकसा तपशील देतो : त्यांना ‘मिनिस्त्राए’ म्हटले जाई. ‘म्हटले जाई’ हे त्याचे शब्द महत्त्वाचे. म्हणजे ही पदवी त्याने दिलेली नाही, त्यांच्या मंडळीत ती चालत होती. ग्रीकमध्ये तिच्या जागी ‘दियाकोनोस’ असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फीबी नावाच्या स्त्रीला हाच शब्द लावला आहे. मराठी शास्त्रात तेथे ‘सेविका’ असे आले आहे. ते चुकीचे नाही. मात्र ‘सेविका’ वाचताना मराठी वाचकाच्या मनात पद उभे राहत नाही, काम उभे राहते. पुरुषांच्या बाबतीत तोच शब्द ‘डीकन’ होऊन पद बनतो. असो. मुद्दा हा की कायद्याच्या दृष्टीने ज्या वस्तू होत्या, ज्यांची साक्ष छळावाचून ग्राह्य नव्हती, अशा दोन स्त्रिया बिथिनियातील एका मंडळीत पद धारण करून होत्या. ही माहिती कोणत्याही ख्रिस्ती लेखकाने दिलेली नाही. ती देणाऱ्याला त्या माहितीचे महत्त्वही कळलेले नव्हते. त्या दोघींची नावे त्याने लिहिली नाहीत. त्या काय बोलल्या तेही लिहिले नाही. हाती लागली ती केवळ एक हीन, बेसुमार अंधश्रद्धा, एवढे म्हणून त्याने प्रकरण गुंडाळले.

सम्राटाचे उत्तर छोटे आहे. सर्वांना लागू पडेल असा नियम घालता येत नाही. त्यांना शोधत फिरू नये. कोणी आणून हजर केले आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा करावी. नाकारून देवतांची पूजा केली तर सोडावे. निनावी याद्या मुळीच स्वीकारू नयेत. तुर्तुलियनाने १९७ साली या उत्तरातील विसंगतीवर नेमके बोट ठेवले. शोधू नये म्हणजे निरपराध, शिक्षा करावी म्हणजे अपराधी, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आहे.

पण हे पत्र एकटे वाचणे हीच मोठी गफलत होय, असे आमचे मत आहे. ख्रिस्ती इतिहासाची साधने म्हणून जे संग्रह निघतात त्यांत शहाण्णव आणि सत्त्याण्णव ही दोनच पत्रे कापून घेतलेली असतात. मागे जाऊन तेहेतिसावे आणि चौतिसावे पत्र वाचावे. निकोमीडिया शहरात मोठी आग लागली, विझवायला साधने नव्हती, लोक बघत उभे राहिले. प्लिनी विचारतो, दीडशे माणसांचे एक अग्निशामक पथक स्थापू का? मी जातीने लक्ष ठेवीन. ट्रेजन नकार देतो. या प्रांताला अशा मंडळांनीच त्रास दिला आहे; नाव काहीही द्या, एकत्र जमलेली माणसे लवकरच राजकीय टोळी बनतात; तेव्हा साधने द्या, आणि आग घरमालकांनी विझवावी. ज्या सत्तेला बंबवाल्यांचीही धास्ती होती, तिला पहाटे अंधारात जमणाऱ्या, शपथ घेणाऱ्या माणसांबद्दल काय वाटले असेल, हे समजायला धर्मशास्त्र लागत नाही. छळाचे कारण केवळ श्रद्धेत शोधणारे आणि ते सर्वस्वी राजकारणात शोधणारे, अशा दोन्ही पक्षांनी ही चार पत्रे एकत्र वाचावीत.

आणि हे सारे राखले कोणी? प्लिनीने आपल्या पत्रांचे पहिले नऊ भाग स्वतः निवडून, घासूनपुसून प्रसिद्ध केले. त्याला साहित्यिक कीर्तीची हौस होती. दहावा भाग बहुधा त्याच्या मृत्यूनंतर जोडला गेला. त्याचे एकच हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये उजेडात आले. त्यावरून १५०२ साली काही पत्रे आणि १५०८ साली व्हेनिसमध्ये आल्दुसच्या छापखान्यात पूर्ण संग्रह छापला गेला. या भागाची हस्तलिखित पाने मात्र पुढे हरवली. म्हणजे आपण ज्याला मूळ पत्र म्हणतो, त्याचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे सोळाव्या शतकातले छापील पुस्तक. ते खोटे आहे असे कोणी गंभीरपणे सिद्ध केलेले नाही, आणि तुर्तुलियनाने ते ओळखीचे म्हणून वापरले असल्याने तशी शंका टिकतही नाही. तरी ‘अस्सल’ या शब्दाचा अर्थ येथे किती पातळ झाला आहे, याची जाणीव ठेवावी.

प्लिनीनंतर सुमारे नव्वद वर्षांनी आणि भूमध्य समुद्राच्या पार दक्षिणेला, आजच्या ट्युनिशियातील कार्थेज येथे, आरोपीच्या बाजूने लिहिलेला एक मजकूर जन्माला आला. विबिया पर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची, सुशिक्षित, बऱ्या घराण्यातली, लग्न झालेली, अंगावर पिणारे मूल असलेली स्त्री. बाप्तिस्म्याची तयारी करीत असताना तिला काही सोबत्यांसह अटक झाली आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते २०३ सालच्या ७ मार्चला, राजपुत्र गेता याच्या वाढदिवसाच्या खेळांत तिला श्वापदांपुढे सोडण्यात आले. तुरुंगात असताना तिने आपला वृत्तांत लिहिला. एका अज्ञात संपादकाने त्याला प्रस्तावना जोडली, सातुरुस या तिच्या सोबत्याचे एक स्वप्न जोडले आणि शेवटी त्यांच्या मृत्यूचे वर्णन लिहिले. हा सर्व मजकूर मिळून ‘पर्पेतुआ आणि फेलिसितास यांचे दुःखसहन’ या नावाने ओळखला जातो.

संपादकाचा मजकूर आणि पर्पेतुआचा मजकूर एका बैठकीत वाचला की फरक कानाला जाणवतो. संपादक लांब, वळणदार, वक्तृत्वाने भारलेली वाक्ये लिहितो. पर्पेतुआची वाक्ये आखूड आहेत, ‘आणि’ने जोडलेली आहेत. अंधाराची भीती वाटली, कारण असा अंधार कधी पाहिला नव्हता. गर्दी, उकाडा, शिपायांची जबरदस्ती. बाळाची काळजी. दोन डीकनांनी पैसे चारले आणि काही तास बऱ्या जागी हलवले, तेव्हा उपाशी बाळाला पाजता आले. पुढे बाळ तिच्याजवळ राहू लागले, तेव्हा तुरुंग तिला राजवाडा वाटू लागला. ‘मिमेसिस’कार एरिख आउअरबाख याने साध्या, खालच्या पट्टीतल्या ख्रिस्ती गद्याचा विचार करताना या मजकुराचे जे विवेचन केले, ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. त्याच्याही आधी, १९२८ च्या सुमारास, शूरिंग या अभ्यासकाने वाक्यांच्या शेवटांची लय मोजून पर्पेतुआ, सातुरुस आणि संपादक यांचे तीन हात वेगळे दाखवण्याचा प्रयत्न केला होता.

सर्वांत अवघड आहेत ते तिच्या वडिलांचे प्रसंग. ते येतात आणि नाव सोडून दे म्हणून विनवतात. ती जवळच पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवते : याला भांड्याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? नाही ना; तशीच मी ख्रिस्ती आहे, दुसरे काही म्हणवून घेऊ शकत नाही. प्लिनीला पडलेला प्रश्न येथे दुसऱ्या टोकाने येतो. नुसते नाव हा गुन्हा आहे काय, असे त्याने विचारले होते. नाव आणि माणूस वेगळे करता येत नाहीत, असे ही म्हणते. पुढच्या भेटीत वडील तिचे हात चुंबतात, पाया पडतात. खटल्याच्या वेळी ते बाळाला घेऊन पुढे होतात, तेव्हा हिलारियानुस हा अधिकारी त्यांना छडीने मारायला लावतो, आणि ती लिहिते की तो मार जणू आपल्यालाच बसला. ती बापाला निष्ठुर ठरवत नाही आणि स्वतःला वीरांगनाही ठरवत नाही. वडिलांच्या म्हातारपणाविषयी तिला वाटणारी हळहळ आणि तिचा नकार दोन्ही शेजारी शेजारी राहतात. एकाने दुसऱ्याला पुसून टाकलेले नाही.

मग स्वप्ने आहेत : शस्त्रांनी मढवलेली काशाची शिडी आणि तिच्या पायथ्याशी अजगर, मेंढपाळाने दिलेला चीजचा घास, ज्याची गोडी जागे झाल्यावरही तोंडात राहते, सातव्या वर्षी चेहऱ्याच्या रोगाने मेलेला धाकटा भाऊ दिनोक्रातेस, ज्याला उंच काठाच्या हौदातले पाणी पोहोचत नाही. खेळांच्या आदल्या दिवशी तिचा मजकूर संपतो. त्या दिवशी काय घडेल ते ज्याला लिहायचे असेल त्याने लिहावे, अशा अर्थाच्या वाक्यावर तिने लेखणी ठेवली आहे.

इतका प्रत्ययकारी मजकूर खरोखर तिचाच, हे आपण कशावरून मानतो? संपादक तसे सांगतो म्हणून. तो संपादक का लिहितो? जुनी उदाहरणे तेवढीच पूज्य नव्हेत, आत्म्याची दाने आजही मिळतात, हे त्याला दाखवायचे आहे. त्याच्यावर नव्या भविष्यवाण्या मानणाऱ्या मोंतानुसपंथाची छाया आहे काय, हा वाद जुनाच आहे. स्वतः संत ऑगस्टीनला हा मजकूर ठाऊक होता, त्या स्त्रियांच्या स्मरणदिनी त्याने प्रवचने दिली. परंतु ४२० च्या सुमारास, बाप्तिस्मा न झालेल्या मुलांना तारण मिळते असे सिद्ध करण्यासाठी कोणी दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा दाखला दिला, तेव्हा ऑगस्टीनने हे लिखाण शास्त्रात मोडत नाही असे बजावले आणि बोलता बोलता, हे तिने लिहिले असो की आणखी कोणी, अशा अर्थाची एक पुस्ती जोडली. अलीकडच्या काही अभ्यासकांनी ही पुस्ती उचलून धरून ‘स्त्रीने स्वतः लिहिलेली दैनंदिनी’ या विश्वासाचा पुन्हा कसून तपास चालवला आहे. आमचा कल लिखाण तिचेच मानण्याकडे आहे. त्याचे कारण भावनिक नाही. मागाहून रचणाऱ्याने ज्या जागा भरल्या असत्या, त्या येथे रिकाम्या आहेत. उदाहरणार्थ, तिचा नवरा. त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. याच प्रसंगाचा एक नंतरचा, आटोपशीर वृत्तांत आहे. त्यात नवरा हजर होतो, आईबापांसह बाळाला घेऊन विनवू लागतो, आणि ती बाळाला दूर लोटून सर्वांना झिडकारते. तुरुंगात दूध पाजण्यासाठी तळमळणारी आई दोन-तीन पिढ्यांच्या भक्तीने अशी घडवली! बखर कशी तयार होते हे पाहायचे असेल, तर हे दोन मजकूर शेजारी ठेवावेत.

सतराव्या शतकात व्हॅटिकनचा ग्रंथपाल लुकास होल्स्टे याला मोंते कासीनोच्या मठातील हस्तलिखितात हा मूळ लॅटिन मजकूर सापडला आणि १६६३ मध्ये तो छापला गेला. १८८९ साली रेंडेल हॅरिस याला जेरुसलेममध्ये त्याची ग्रीक प्रत मिळाली, तेव्हा मूळ कोणते, लॅटिन की ग्रीक, असा वाद पेटला. आज लॅटिनच्या बाजूने कौल आहे. मंडळी दरवर्षी त्यांच्या मृत्यूच्या दिवशी हा मजकूर वाचत, म्हणून तो टिकला. राखणदार येथे भक्त आहेत.

या भक्तांनी फेलिसितासचेही नाव राखले. ती दासी होती. आठवा महिना असताना तुरुंगात तिने मुलीला जन्म दिला. ती मुलगी एका बहिणीने सांभाळली. कळांनी ओरडताना पहारेकऱ्याने टोचून बोलल्यावर तिने दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : आज मी सोसते आहे ते माझे मी, तिथे माझ्यासाठी सोसणारा दुसरा कोणी माझ्यात असेल. हे उत्तर मात्र संपादकाच्या मजकुरात आहे. पर्पेतुआच्या स्वतःच्या पानांत फेलिसितासचे नावही येत नाही. बापाचा, भावाचा, डीकनांचा, पहारेकऱ्यांच्या अधिकाऱ्याचा उल्लेख करणारी ही स्त्री त्याच तुरुंगातल्या गर्भवती दासीविषयी काहीच लिहीत नाही. यावरून तिच्यावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. तिच्या हाती थोडे दिवस होते आणि तिने आपल्यापुरते लिहिले. परंतु बिथिनियातल्या त्या दोन दासींना आवाज मिळाला नाही तो केवळ लिहिणारा रोमन अधिकारी होता म्हणून, असे आपण समजत असू, तर कार्थेजच्या या पानांवरून त्या समजुतीला धक्का बसतो. लेखणी आरोपीच्या हाती आल्यावरही दासीपर्यंत ती पोहोचलेली नाही.

तिसऱ्या कागदाला राखणदारच नाही. इ. स. २४९ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या डेसियसने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना यज्ञबली अर्पण करावा असा हुकूम काढला. हुकुमाचा मूळ मजकूर उपलब्ध नाही. युसेबियस सांगतो की आधीचा सम्राट फिलिप याच्या द्वेषामुळे डेसियसने मंडळ्यांचा छळ मांडला. शतकानुशतके हेच चित्र प्रमाण होते : ख्रिस्ती धर्म बुडवण्यासाठी काढलेला हुकूम. मग १८९३ पासून इजिप्तच्या कोरड्या वाळूतून निघालेल्या पपायरसांत काही विलक्षण दाखले वाचले जाऊ लागले. आज असे पंचेचाळीसहून अधिक दाखले ज्ञात आहेत. ते २५० सालच्या जून-जुलैचे असून बहुसंख्य फायूम भागातील थिआडेल्फिया या एका गावचे आहेत. मसुदा ठरीव आहे. यज्ञकार्यासाठी नेमलेल्या समितीला अमक्याचा अर्ज. आम्ही नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो आहोत, आताही आपल्यासमक्ष हुकुमाप्रमाणे मद्य वाहिले आणि बलीचे मांस चाखले. तरी शेरा मारून मिळावा. खाली, बळी देताना पाहिले, असा शेरा आणि तारीख.

यांतील एक दाखला आर्सिनोए येथील ऑरेलिया अम्मोनूस या स्त्रीचा आहे. ती पेतेसूखोस या मगररूपी देवाची पुजारीण होती. तो देव किती थोर आणि अमर हेही ती आपल्या ओळखीत नमूद करते. देवळातल्या पुजारणीला देवभक्तीचा सरकारी दाखला काढावा लागला! तिला ख्रिस्ती समजून कोणी पकडले असेल, हे संभवत नाही. तेव्हा सरळ निष्कर्ष हा की हुकूम सर्वांसाठी होता. नुकत्याच २१२ च्या फर्मानाने जवळजवळ सर्व मुक्त रहिवासी रोमन नागरिक झाले होते, आणि ‘ऑरेलिया’ हे तिचे नावही त्याच फर्मानाची खूण आहे. या नव्या नागरिकांकडून एकाच वेळी निष्ठा वदवून घ्यावी, ती कागदावर नोंदवावी, असा हा प्रकार दिसतो. ख्रिस्ती लोक त्यात भरडले गेले, हे निर्विवाद. कार्थेजचा बिशप सिप्रियन याची या काळातली पत्रे त्याने भरलेली आहेत. किती जणांनी बळी दिला, किती जणांनी बळी न देता लाच देऊन नुसता दाखला मिळवला आणि त्यांना परत घ्यावे की नाही यावर मंडळी कशी दुभंगली, ते त्याने तपशिलाने लिहिले आहे. छळ खरा होता. मात्र युसेबियसने सांगितलेला हेतू या कागदांपुढे टिकत नाही. ओरिजेनसारखा ख्रिस्ती पंडितही या हुकुमाच्या जेमतेम एक-दोन वर्षे आधी लिहून जातो की, श्रद्धेसाठी आजवर मेलेले लोक थोडे, सहज मोजता येतील एवढे. त्याचे हे विधान सुरुवातीच्या अडीच शतकांच्या अखंड रक्तपाताच्या चित्राशी जुळत नाही. ओरिजेनला स्वतःला पुढे याच हुकुमापायी तुरुंगवास आणि यातना सोसाव्या लागल्या.

अभ्यासकांचे लक्ष साहजिकच या दाखल्यांतील नावांकडे गेले. थिआडेल्फियाचे शेतकरी, त्यांच्या बायका, मुले, कोणाला लिहिता येत नाही म्हणून दुसऱ्याने केलेली सही. यांतला एखादा तरी ख्रिस्ती असेल काय? भीतीने बळी देऊन आलेला, किंवा पैसे देऊन नुसता शेरा घेतलेला? सिप्रियन म्हणतो तसे लोक इजिप्तमध्येही असणारच. पण मसुदा सर्वांचा एक आहे, निवेदन एक आहे, शेरा एक आहे. आणि नेहमीच देवतांना अर्पण करीत आलो, हे वाक्य खरे बोलणाऱ्यानेही तसेच लिहिले आहे आणि खोटे बोलणाऱ्यानेही.